पवित्र कुटुंबाच्या मंदिराचे स्थपति : अंतोनी गौदी

मंदिराचा अर्थ वेदीवरील मूर्तींत असतो, तसाच तो भिंतींच्या दगडांत व ते रचण्याच्या रीतींतही असतो. ज्या पुरुषानें हें सत्य आयुष्य वेंचून सिद्ध केलें, त्याचें स्मरण ह्या महोत्सवप्रसंगीं उचित होय.

अंतोनी गौदी यांचा जन्म स्पेन देशांत, कॅटलोनिया प्रांतीं, २५ जून १८५२ रोजीं झाला. वडील तांबट होते. सपाट पत्र्यास ठोकतां ठोकतां भांड्याचा घाट कसा येतो, हें गौदींनीं बालपणींच पाहिलें. कागदावरील रेषेपेक्षां पदार्थाच्या अंगच्या गुणांवर त्यांचा भरंवसा बसला, तो तेथेंच.

बार्सिलोना शहरीं पवित्र कुटुंबाचें मंदिर १८८२ सालीं संत योसेफाच्या सणादिवशीं सुरू झालें. दुसऱ्याच वर्षीं तें काम एकतीस वर्षांच्या गौदींकडे आलें. खर्च सारा भाविकांच्या दानावर. जुन्या गॉथिक मंदिरांस बाहेरून दगडी टेकू देत. गौदींस ते कुबड्यांसारखे वाटत. म्हणून दुसऱ्या एका प्रार्थनामंदिराची योजना करितांना त्यांनीं दोऱ्या उलट्या टांगून त्यांस शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. भारानें दोरीस जो बाक आला, तोच उलटा केला म्हणजे टेकूवांचून उभ्या राहणाऱ्या कमानीचा आकार मिळे. तेंच ज्ञान ह्या मंदिरीं कामास आलें. आंतील खांब झाडांप्रमाणें कलते व वर फांद्या फुटलेले योजिले. सर्वांत अधिक भार तेथें पोर्फिरीचा कठीण दगड, त्याखालोखाल आपल्या सह्याद्रीच्या जातीचा काळा बेसाल्ट, मग ग्रॅनाइट, व हलक्या भारास वालुकाश्म. प्रत्येक दगड आपल्या शक्तीप्रमाणें भार वाहतो, आणि भाविकांस सृष्टिकर्त्याच्या अरण्यांत उभें राहिल्याचा भास होतो.

१९१४ नंतर गौदींनीं दुसरें काम पत्करलें नाहीं. पैसा सरला कीं ते स्वतः दान मागावयास निघत. ७ जून १९२६ रोजीं त्यांस ट्रामचा धक्का लागला. जीर्ण वस्त्रांमुळें कोणीं ओळखलें नाहीं. भिकारी समजून त्यांस गरिबांच्या इस्पितळांत नेलें. तेथेंच १० जून रोजीं त्यांनीं देह ठेविला. मंदिराच्या तळघरांत त्यांचें दफन झालें.

१९३६ च्या यादवींत त्यांचे नकाशे जळाले, प्लॅस्टरचे नमुने फुटले. मागें राहिलेल्यांनीं तुकडे सांधून काम पुढें चालविलें. ७ नोव्हेंबर २०१० रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं मंदिराचा अभिषेक केला. १४ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं गौदींस वंदनीय ठरविण्यास मान्यता दिली.

धर्मबंधुभगिनींनो, आपल्या देवळाच्या भिंतीस हात लागेल तेव्हां तो दगड कोणीं वाहिला, कोणाच्या दानानें तो आला, याचें स्मरण ठेवूं या; व आपल्या वांट्याचा भार आनंदानें उचलूं या.