भूकंपनिधीचे कठोर हिशेबनीस

पुलगाव (जि. वर्धा) : १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार व नेपाळ प्रलयंकारी भूकंपाने हादरले. दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्यातील पै-पैचा हिशेब राखण्यासाठी वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी जे. सी. कुमारप्पा यांना पाचारण केले.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे जन्मलेले कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि पुढे गांधीजींचे सहकारी बनले. बिहारमध्ये त्यांनी स्वयंसेवकाच्या जेवणखर्चाची मर्यादा दिवसाला तीन आणे ठरविली. गांधीजी तेथे आले, तेव्हा त्यांच्या सोबतच्या मंडळींचा जादा खर्चही निधीतून देण्यास कुमारप्पांनी ठाम नकार दिला. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, या भूमिकेपुढे त्यांनी कोणाचाही मोठेपणा पाहिला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीसपद गांधीजींनी याच कठोर हिशेबनिसाकडे सोपविले. पुलगावच्याच जिल्ह्यात, वर्धा शहरात, बजाज यांनी संघाला दिलेली मगनवाडी कुमारप्पांची कर्मभूमी ठरली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.