परप्रांतातील सत्यान्वेषी

मातृभाषेच्या प्रदेशापासून दूर राहणाऱ्यांच्या घरी ती भाषा पुढच्या पिढीत टिकेल काय, हा प्रश्न आपल्या शाळेला स्थापनेपासून सोबत करीत आला आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एका बंगाली लेखकाचे स्मरण म्हणूनच उचित वाटते. ब्योमकेश बक्षी या विख्यात व्यक्तिरेखेचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे बहुतेक आयुष्य बंगालबाहेर गेले. लेखणी मात्र अखेरपर्यंत बंगालीशी एकनिष्ठ राहिली.

३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील बिहारमधील मुंगेर येथे वकिली करीत. शरदिंदूंचे शालेय शिक्षणही तेथेच झाले. पुढे कलकत्त्याच्या विद्यासागर महाविद्यालयात आणि नंतर पाटण्यास कायद्याचे शिक्षण घेऊनही त्यांनी वकिलीपेक्षा साहित्याची अनिश्चित वाट पत्करली.

१९३२ साली ब्योमकेश वाचकांसमोर आला. विलायती गुप्तहेराची नक्कल शरदिंदूंना नको होती. त्यांचा नायक कलकत्त्यातील मध्यमवर्गीय बंगाली गृहस्थ आहे. तो स्वतःस गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवतो. त्याच्या बहुतेक कथा त्याचा मित्र अजित सांगतो. एका तपासात भेटलेल्या सत्यवतीशी तो विवाह करतो, संसार मांडतो, वयानेही वाढतो. गुन्हेगार कोण, याइतकेच त्याच्या मनात लोभ किंवा मत्सर कसा रुजला, हे या कथांत महत्त्वाचे ठरते.

दहा कथांनंतर, १९३६ साली, ब्योमकेश थांबला. १९३८ मध्ये शरदिंदू मुंबईस आले आणि हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले. चित्रपटसृष्टीच्या धकाधकीत ब्योमकेशचे मौन तब्बल पंधरा वर्षे टिकले. वाचक मात्र त्याला विसरले नव्हते. १९५१ साली तो परतला. पुढच्याच वर्षी चित्रपटव्यवसाय सोडून शरदिंदू पुण्यास स्थायिक झाले आणि लेखनात पूर्णपणे रमले. ब्योमकेशच्या पूर्ण कथा ३२ झाल्या. त्यापुढील एक अपुरीच राहिली.

महाराष्ट्राकडेही त्यांनी परक्याच्या दृष्टीने पाहिले नाही. एका कथेत त्यांनी ब्योमकेशला महाबळेश्वरी आणले. बंगाली मुलांसाठी त्यांनी शिवरायांच्या सैन्यातील सदाशिव या धाडसी मुलाच्या कथा लिहिल्या. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीस १९६७ साली रवींद्र पुरस्कार लाभला. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी ब्योमकेशला रुपेरी पडद्यावर आणले. २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदूंचे निधन झाले. पुढे १९९३ साली दूरदर्शनच्या हिंदी मालिकेतून ब्योमकेश देशभर घरोघरी पोहोचला. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ती मालिका आठवत असेल.

या चरित्रातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. जेथे राहावे त्या भूमीशी समरस व्हावे. त्याने मातृभाषा उणी होत नाही, उलट तिला नवे विषय मिळतात. आणि सुटलेला धागा पंधरा वर्षांनंतरही पुन्हा हाती घेता येतो. शाळा सोडल्यापासून ज्यांनी मराठीत चार ओळीही लिहिल्या नसतील, त्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. पालकांनीही आज रात्री मुलांना एखादी रहस्यकथा मराठीतून सांगावी आणि तिचा शेवट मात्र उद्यावर ठेवावा.