थोरले माधवराव पेशवे : रांजणगाव ते थेऊर

विद्यार्थी मित्रांनो, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बऱ्याच शाळांची सहल एकदा तरी अष्टविनायकाला जाते. शिरूरकडच्या मुलांना रांजणगावचा महागणपती जवळचा. दौंडकडच्या मुलांना भीमेपलीकडचा सिद्धटेक जवळ, आणि सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की वाटेत थेऊरचा फाटा लागतो. आपण रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो, बाहेर येऊन भेळ खातो आणि गाडीत बसतो. पण रांजणगाव आणि थेऊर या दोन्ही देवळांमध्ये एकाच माणसाने बांधकाम करून घेतलं होतं, आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण आठवडा याच दोन तालुक्यांच्या मातीत गेला होता, हे तुम्हाला माहीत आहे का? तो माणूस म्हणजे थोरले माधवराव पेशवे. आज आपण त्यांचं चरित्र वाचू.

सोळा वर्षांचा पेशवा

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मधला. वडील नानासाहेब पेशवे, आई गोपिकाबाई. थोरला भाऊ विश्वासराव असल्यामुळे माधवराव पेशवे होतील, असं कुणाला वाटलंही नव्हतं. पण १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले, चुलते सदाशिवरावभाऊ गेले आणि मराठ्यांची एक पिढीच त्या मैदानावर राहिली. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर वारले. पुढच्याच महिन्यात माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सोळा.

जरा विचार करा. तुमच्यापैकी दहावी-अकरावीत असलेल्या मुलांचं हे वय. आपल्याला या वयात परीक्षेचं टेन्शन येतं. माधवरावांसमोर रिकामा खजिना होता, डोक्यावर वडिलांच्या काळातलं कर्ज होतं, उत्तरेतला दरारा संपला होता आणि दक्षिणेत निजाम व हैदर अली संधीची वाट बघत होते. त्यात घरातही शांतता नव्हती. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे नावाजलेले सेनापती. मराठी फौजा थेट अटकेपर्यंत नेल्याचं श्रेय त्यांचं. पोरसवदा पुतण्याने गादीवर बसावं आणि कारभार आपण करावा, असं त्यांच्या मनात. पुतण्या मात्र कारभार स्वतः बघायला लागला. तिथेच ठिणगी पडली.

घोडनदी आणि आलेगाव

आता या गोष्टीत आपला मुलूख येतो. शिरूरला जुनी माणसं आजही घोडनदी म्हणतात, ते गावाजवळून वाहणाऱ्या घोड नदीवरून. १७६२ मध्ये राघोबादादा रुसून पुण्याबाहेर पडले, त्यांनी फौज जमवली आणि चक्क निजामाची मदत मिळवली. नोव्हेंबर १७६२ मध्ये काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. ७ नोव्हेंबरला घोडनदीवर पहिली लढाई झाली. लगेच १२ नोव्हेंबरला भीमाकाठी आलेगावला दुसरी. दोन्हीकडे मराठीच माणसं होती. पानिपताला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. ज्यांच्या घरातले कर्ते पुरुष तिकडे पडले, त्याच घरातली उरलेली माणसं इथे एकमेकांवर तलवार उगारून उभी होती.

आलेगावला माधवरावांची बाजू पडती होती. तरी पळून जाता आलं असतं. आणखी फौज जमवून महिनोन्‌महिने भांडण लांबवता आलं असतं. बाजूला निजाम टपून बसलेला, आणि भांडण जितकं लांबेल तितका त्याचाच फायदा. माधवरावांनी वेगळाच निर्णय घेतला. ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या पेशव्याभोवती चौकी-पहारे बसले आणि कारभार राघोबादादांच्या हाती गेला.

मुलांनो, हा भित्रेपणा होता का? त्या दिवशी छावणीत अनेकांना तसं वाटलंही असेल. पण पुढे काय झालं ते बघा, मग ठरवा.

सत्ता हातात येताच राघोबादादांनी माधवरावांच्या बाजूच्या लोकांवर राग काढायला सुरुवात केली. मिरजेच्या पटवर्धनांसारखे मातब्बर सरदार दुरावले आणि निजामाला जाऊन मिळाले. निजामाने हीच वेळ साधली. १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणे लुटलं, घरं जाळली. लोक मुलंबाळं घेऊन मिळेल त्या किल्ल्याच्या आसऱ्याला पळाले. आता मात्र काकांना पुतण्याची गरज पडली. नजरकैदेतला पेशवा मागचं काही न काढता काकांच्या खांद्याला खांदा लावून लढायला निघाला.

१० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला गाठ पडली. निजामाची अर्धी फौज नदीपलीकडे गेली होती, अर्धी अलीकडे होती, आणि नदीला पूर आलेला. लढाईच्या ऐन भरात राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले. त्यांना सोडवायला कोण धावलं? ज्याला त्यांनी पहाऱ्यात ठेवलं होतं, तोच पुतण्या. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला आणि निजामाला तह करावा लागला. अठरा वर्षांच्या माधवरावांचा हा पहिला मोठा विजय. त्यानंतर मराठी राज्याचा पेशवा कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दहा वर्षांत केवढं काम!

माधवरावांच्या वाट्याला पेशवाईची जेमतेम अकरा वर्षं आली. तेवढ्यात त्यांनी कर्नाटकात हैदर अलीवर अनेक मोहिमा काढल्या. १७६७ च्या मोहिमेत मदगिरीचा किल्ला घेतला, तेव्हा हैदरने तिथे कैदेत ठेवलेली बिदनूरची राणी सुटली. १७६९ मध्ये नागपूरच्या जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह करून घरातली आणखी एक फूट बुजवली. त्याच वर्षी उत्तरेत मोठी फौज पाठवली. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, जानेवारी १७७२ मध्ये, मराठ्यांनी बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवलं. मराठे संपले असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

राघोबादादांनी पुन्हा उचल खाल्ली, राज्याची वाटणी मागितली. जून १७६८ मध्ये नाशिककडच्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव केला. आलेगावला स्वतःहून हार पत्करणारा पुतण्या धोडपला मागे हटला नाही. पण विजयानंतरही त्यांनी काकांचा जीव घेतला नाही. त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. त्या काळातल्या दिल्ली-हैदराबादच्या दरबारांत गादीसाठी काय काय घडत होतं ते आठवा, मग या गोष्टीचं मोल कळेल.

रणांगणाइतकंच त्यांचं लक्ष कारभारावर होतं. गावकऱ्यांना पकडून फुकट ओझी वाहायला लावायची, याला वेठ म्हणत. अधिकारी बिनदिक्कत वेठीला माणसं धरत. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला असं उचलून नेलं तर त्याच्या घरात वर्षभर काय शिजणार? माधवरावांनी हा जुलूम बंद करण्याचे हुकूम काढले, आणि मोडणारा अधिकारी मोठा असला तरी त्याला दंड केला.

रामशास्त्र्यांची गोष्ट

आता देवळांकडे वळू. माधवराव मनापासून देवभक्त. स्नान-संध्या, जप, पूजा यांत त्यांचा बराच वेळ जाई. त्यांच्या दरबारात रामशास्त्री प्रभुणे हे न्यायाधीश होते, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्यांची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एकदा रामशास्त्री सरकारी कामासाठी वाड्यावर आले. पेशवे जपाला बसले होते. शास्त्रीबुवांनी खूप वाट बघितली आणि न बोलता परत गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. माधवरावांना आश्चर्य वाटलं, त्यांनी कारण विचारलं. तेव्हा रामशास्त्र्यांनी स्पष्टच सांगितलं, की ब्राह्मणाचा आचार पूर्णपणे पाळायचा असेल तर दोघांनीही गंगेच्या काठी जाऊन बसावं. पण गादीवर बसायचं असेल तर प्रजेचं काम हीच राजाची पूजा. दारात फिर्यादी ताटकळत असताना राज्यकर्त्याने जप करत बसणं बरं नाही.

माधवराव रागावले नाहीत. त्यांनी हे ऐकलं आणि नित्यकर्मातला वेळ कमी केला. विशीतला तरुण, हाती सगळी सत्ता, आणि नोकरीतला माणूस तोंडावर चूक दाखवतो. ऐकून घेणं सोपं नव्हतं. रामशास्त्री मोठे होतेच, पण असं बोलणाऱ्याला जपणारा धनीही मोठाच म्हणायला हवा.

म्हणजे देवळात जाऊ नये असा याचा अर्थ नाही हं! रांजणगावला मूर्तीसाठी गाभारा माधवरावांनीच बांधवला, पुढे इंदूरच्या किबे सरदारांनी तिथे सभामंडप बांधला. थेऊरचं चिंतामणीचं देऊळ चिंचवडच्या देव घराण्यातल्या धरणीधर महाराजांनी बांधलेलं, त्याला लाकडी सभामंडप जोडला तो माधवरावांनी. सिद्धटेकचं देऊळ बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर याच काळातल्या. भक्ती होतीच, पण तिच्या आड कर्तव्य राहू नये, एवढं माधवराव रामशास्त्र्यांकडून शिकले.

थेऊरचे शेवटचे दिवस

सततच्या मोहिमा आणि दगदग यांत शरीर पोखरत गेलं. माधवरावांना राजयक्ष्मा, म्हणजे आजचा क्षयरोग जडला. आज टीबीवर औषधं आहेत, नीट कोर्स घेतला की रोगी बरा होतो. तेव्हा उपाय नव्हता. १७७० च्या कर्नाटक मोहिमेतून त्यांना आजारपणामुळे परतावं लागलं. शेवटी ते थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात येऊन राहिले.

अंथरुणावरूनही त्यांना काळजी होती ती राज्याची. आपल्यामागे काय करावं, याची कलमं त्यांनी लिहवून घेतली. त्यात राज्यावरचं कर्ज फेडून टाकण्याचं कलम होतं, घरातलं वैर पुन्हा पेटू नये याची व्यवस्था होती. धाकटा भाऊ नारायणराव याच्यावर राज्य सोपवून, त्याचा हात काकांच्या हाती देऊन, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला त्यांनी डोळे मिटले. वय होतं सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचं वृंदावन थेऊरला मुळा-मुठेच्या काठी आहे. सती ही त्या काळची क्रूर चाल होती. पुढे १८२९ मध्ये ती कायद्याने बंद झाली. वृंदावनापाशी उभे राहाल तेव्हा हात जोडा, पण त्या तरुण बाईचा जीव गेला हेही विसरू नका.

ज्या घरभेदाला माधवरावांनी जन्मभर आवर घातला, तो त्यांच्यामागे एक वर्षही थांबला नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि संशयाचं बोट राघोबादादांकडेच गेलं. याचा न्याय करताना त्यांच्याविरुद्ध निकाल द्यायला जो माणूस कचरला नाही, तो पुन्हा रामशास्त्रीच. माधवराव गेले, पण त्यांनी जपलेलं माणूस कामी आलं.

सहलीला जाल तेव्हा

मित्रांनो, पुढच्या वेळी एवढं करा. रांजणगावला दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका, गाभाऱ्याच्या दगडी बांधणीकडे दोन मिनिटं बघा. शिरूरला घोड नदी दिसली की इथे मराठे मराठ्यांशी लढले होते, हे शेजारच्या मित्राला सांगा. थेऊरला सभामंडपाच्या लाकडी खांबांपाशी थांबा, मग नदीकाठी जाऊन या. आणखी एक गंमत नकाशात शोधा. थेऊरवरून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. हे रांजणगाव वेगळं आणि गणपतीचं रांजणगाव वेगळं, गोंधळ करू नका! तीच भीमा पुढे दौंडवरून जाते आणि घोडनदीचं पाणीही पोटात घेते. माधवरावांचं आयुष्य या नद्यांच्या काठानेच गेलं.

विचार करा आणि वहीत लिहा

१. आलेगावला माधवराव काकांच्या स्वाधीन झाले, हा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? दोन कारणं लिहा.

२. रामशास्त्र्यांनी काशीला जायची परवानगी का मागितली असावी? सरळ तक्रार का केली नाही?

३. राक्षसभुवनला माधवराव काकांना सोडवायला गेले नसते तर पुढे काय झालं असतं?

४. तुमच्या गावातलं देऊळ, बारव किंवा घाट कुणी आणि कधी बांधला? घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाच-सहा ओळी लिहा.