अक्षरे मोजणारा वास्तुविशारद

इंग्रजीत 'झॅक्स' नावाचा तीन अक्षरांचा एक शब्द आहे: झेड, ए, एक्स. छपरावर घालावयाच्या पाटीच्या दगडाच्या फरशा तासण्याचे आणि त्यांना खिळ्यांसाठी भोके पाडण्याचे हे हत्यार. ते प्रत्यक्ष हाताळलेला माणूस आज विरळाच. तरीही जगभरातील असंख्य लोकांना हा शब्द तोंडपाठ आहे, कारण स्क्रॅबलच्या पटावर झेडचे १०, एचा १ आणि एक्सचे ८ असे त्याचे १९ गुण होतात. गवंडीकामातील हा विस्मृत शब्द ज्या हिशेबामुळे जिवंत राहिला, तो हिशेब मांडणारा गृहस्थ व्यवसायाने वास्तुविशारद होता, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आल्फ्रेड मोशर बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी झाला. वडील वकील, आई शिक्षिका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ साली वास्तुरचनेची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कमधील एका संस्थेत नोकरीला लागले. पुढे जागतिक मंदी आली, बांधकामे थांबली आणि १९३१ साली बट्स बेकार झाले. रिकामपण खायला उठते, असे आपण म्हणतो. बट्स यांनी त्या रिकामपणात खेळांचा अभ्यास आरंभला.

त्यांनी खेळांची तीन गटांत विभागणी केली. फासे किंवा बिंगोसारखे आकड्यांचे खेळ, बुद्धिबळासारखे सोंगट्या हलविण्याचे खेळ आणि शब्दांचे खेळ. यातील तिसऱ्या गटात फारसे काही नव्हते. शब्दांचा खेळ खपायचा असेल, तर त्यात बुद्धी आणि नशीब यांचा वाटा जवळपास सारखा हवा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग प्रश्न उरला तो अक्षरांचा. कोणते अक्षर किती वेळा द्यायचे? एडगर ॲलन पो यांच्या 'द गोल्ड बग' या कथेत अक्षरांच्या वारंवारितेवरून गुप्तलिपी उलगडलेली आहे. बट्स यांनी तोच धागा उचलला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पहिले पान समोर घेऊन एकेक अक्षर मोजावयास सुरुवात केली. हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पना संगणकावर वाढलेल्या पिढीला येणे कठीण आहे.

या मोजणीतून आजचा १०० सोंगट्यांचा संच घडत गेला. त्यांत ई १२ आणि क्यू, झेड, एक्स, जे प्रत्येकी एकच. दुर्मिळ अक्षराला अधिक गुण, हे तत्त्व त्यातूनच आले. मात्र बट्स केवळ कारकुनी मोजणीवर थांबले नाहीत. इंग्रजीत एस हे अक्षर भरपूर वापरले जाते. पण ते हाती असले की कोणत्याही नामाचे अनेकवचन करून फुकटचे गुण मिळविता येतात. म्हणून त्यांनी एस जाणीवपूर्वक चारच ठेवले. माझ्या मते बट्स यांची खरी प्रतिभा या एका निर्णयात दिसते.

पहिल्या खेळाचे नाव होते 'लेक्सिको'. त्याला पटच नव्हता. पुढे शब्दकोड्यांप्रमाणे एकमेकांत गुंतणारे शब्द मांडण्यासाठी पट आला आणि १९३८ च्या सुमारास 'क्रिस-क्रॉसवर्ड्स' हे नाव. नकाशे काढण्याच्या साधनांनी बट्स स्वतः पट आखत, अक्षरे रेखीत, त्यांच्या प्रती हलक्या बाल्सा लाकडावर चिकटवून चौकोनी सोंगट्या कापीत. न्यूयॉर्कमधील जॅक्सन हाइट्स भागातील मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात मित्रमंडळी हा खेळ खेळत. बट्स यांचे स्पेलिंग कच्चे होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. शाळेत त्यांना शिकविलेल्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या नीना त्यांना या खेळात बहुधा हरवीत असत. 'क्विक्झॉटिक' हा आठ अक्षरांचा शब्द दोन तिप्पट-घरांवर पसरून त्यांनी एकदा एका डावात २८४ गुण मिळविले होते.

घरात खेळ रंगला, बाजारात मात्र नाही. पार्कर ब्रदर्स, मिल्टन ब्रॅडली या खेळांच्या मोठ्या उत्पादकांनी नकार दिला आणि पेटंटही मिळाले नाही. दरम्यान वास्तुविशारदाची नोकरी पुन्हा मिळाल्याने बट्स त्या कामात गुंतले. १९४८ साली जेम्स ब्रूनो या परिचिताने खेळ बनविण्याचे हक्क घेतले. रंगसंगती बदलली, सातही सोंगट्या एकदम लावणाऱ्याला ५० गुणांचे बक्षीस ठेवले आणि 'स्क्रॅबल' हे नाव नोंदविले. घाईघाईने चाचपडणे, हा त्या शब्दाचा अर्थ. ब्रूनो दांपत्याने १९४९ साली २४०० संच बनविले आणि त्यात ४५० डॉलरचा तोटा सोसला. १९५२ साली मेसीज या बड्या दुकानाच्या प्रमुखांनी सुटीत हा खेळ पाहिला, परतल्यावर तो आपल्याच दुकानात नाही हे कळून मोठी मागणी नोंदविली, असे सांगतात. त्यानंतर खप लाखोंच्या घरात गेला. बट्स यांच्या वाट्याला दर संचामागे सुमारे तीन सेंट येत. त्यातील एक तृतीयांश कर भरण्यात जाई, एक तृतीयांश ते देऊन टाकीत आणि उरलेल्यात समाधानाने राहत. याच पैशांतून त्यांनी स्टॅनफर्डव्हिल येथील आपल्या पूर्वजांचे घर परत विकत घेतले.

खेळ पसरला तसा एक नवाच प्रकार घडला. पट गच्च भरला की लांब शब्दाला जागा उरत नाही. शेजारी-शेजारी शब्द लावायचे तर दोन अक्षरांचे शब्द पाठ हवेत. मान्य याद्यांत असे शंभराहून अधिक शब्द आहेत. 'ए-ए' म्हणजे हवाई बेटांवरील खडबडीत लाव्हा. 'ए-आय' म्हटल्यावर आज कोणालाही कृत्रिम बुद्धिमत्ता आठवेल. पण पटावर तो दक्षिण अमेरिकेतील झाडांना उलटा लटकणारा, तीन बोटांचा सुस्त प्राणी आहे. 'ओ-ई' म्हणजे फेरो बेटांनजीकची वावटळ, 'एक्स-यू' हे व्हिएतनामी नाणे, 'जे-ओ' म्हणजे स्कॉटिश बोलीतील प्रियजन. आंतरराष्ट्रीय यादीतील 'झेड-ओ' लडाखला जाऊन आलेल्यांना कदाचित ठाऊक असेल. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले ते जनावर.

क्यूची अडचण वेगळी. इंग्रजीत त्याच्यामागे बहुधा यू लागतो आणि यू चारच. ते संपले की क्यू गळ्यात पडतो, शेवटी त्याचे दहा गुण वजाही होतात. अशा वेळी 'कॅट' (क्यू-ए-टी, अरबस्तानात चघळला जाणारा पाला) किंवा 'सूक' (एस-यू-क्यू, तिकडचा बाजार) तारून नेतात. स्वर नसतील तर वेल्श भाषेतून आलेला 'कूम' (सी-डब्ल्यू-एम) हा डोंगरातील खोलगट दरीचा शब्द कामाला येतो. आपल्याकडचा माल तर खूपच आहे: 'डाक', 'तीळ', 'डाळ', जीएचआय असे लिहिलेले तूप, आणि ज्याच्या मुळांपासून लाल रंग काढीत तो 'आल'ही तेथे ए-ए-एल होऊन बसला आहे. बट्स यांच्या स्वतःच्या व्यवसायातील शब्दही कमी नाहीत. झॅक्स आहेच, शिवाय सुताराचा वाकस म्हणजे 'ॲड्झ', प्राचीन ग्रीकांचा व्यायामासाठीचा छपराखालचा मार्ग म्हणजे 'झिस्ट' आणि इमारतीच्या कोपऱ्याचा घडीव दगड म्हणजे 'कॉइन', क्यूने सुरू होणारा.

अर्थ न कळताही हे शब्द लावता येतात, हा या खेळावरील जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. स्पर्धेत अर्थ कोणी विचारीत नाही. १९७८ साली खेळाडूंसाठी अधिकृत शब्दकोश आल्यावर तर याद्या घोकणे हीच साधना झाली. पण केवळ घोकणाऱ्याचे त्यात नुकसान आहे. ए-ए-एल म्हणजे एखाद्या मराठी कोशातला आपलाच आल, हे कळल्यावर तो शब्द विसरणे शक्य नाही.

पत्नी नीना १९७९ साली निवर्तल्या. बट्स यांनी १९८५ साली 'आल्फ्रेड्स अदर गेम' हा आणखी एक शब्दखेळ बाजारात आणला. तो फारसा चालला नाही. ४ एप्रिल १९९३ रोजी, वयाची ९४ वर्षे पूर्ण होण्यास नऊ दिवस उरले असता, ऱ्हाइनबेक येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकी याद्यांत २००६ साली आलेले 'क्यू-आय' (चिनी कल्पनेतील प्राणशक्ती) आणि 'झेड-ए' (पिझ्झाचे लाडके रूप) हे प्रत्येकी ११ गुणांचे शब्द पाहावयास ते नव्हते.

जॅक्सन हाइट्समधील त्या चर्चच्या कोपऱ्यावर १९९५ साली '३५वा ॲव्हेन्यू' अशी रस्त्याची इंग्रजी पाटी लागली. तिच्यावरील प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण छापले होते. मध्यंतरी ती नाहीशी झाली, २०११ साली पुन्हा लागली. त्या अक्षरांची बेरीज १४ भरते, कोपऱ्याच्या दगडाइतकीच.