रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : चांद्याच्या मुलखात फिरलेला मिशनरी

नागपुरात शिक्षण घेतलेल्या आमच्या वाचकांना हिस्लॉप कॉलेज हे नाव सुपरिचित आहे. ज्यांचे नाव त्या संस्थेला लाभले त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे चरित्र मात्र आपल्या धर्मग्रामांत फारसे कोणी सांगत नाही. ते कॅथलिक नव्हते, हे त्याचे एक कारण असावे. तरीही चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील ख्रिस्ती सेवेचा मागोवा घेताना त्यांना वगळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. वडील गवंडी होते. एडिंबरा व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या ख्रिस्तसभेत मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, तेव्हा तरुण हिस्लॉप त्या बाजूला गेले. मद्रास फौजेतील कॅप्टन हिल या अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून नागपूर प्रांतात मिशन सुरू करण्याचे ठरले आणि या कामासाठी त्यांची निवड झाली. डिसेंबर १८४४ मध्ये पत्नी इरॅझ्मा यांच्यासह ते मुंबईस उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजांची छावणी कामठीला होती. मद्रास फौजेमुळे कामठीत तमिळ व तेलुगू बोलणारी कुटुंबे बरीच होती. खेड्यांत मराठी, आणि जंगलाकडे वळावे तसतशी गोंडी. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी आत्मसात केली आणि शाळा सुरू केली.

या प्रदेशात सुवार्तेचे काम जिवावर बेतणारे होते. हिस्लॉप येण्याच्या थोडेच आधी अमरकंटकाजवळ गोंडांमध्ये कार्य करण्यासाठी काही जर्मन मिशनरी आले होते. त्यांतील बहुतेक पटकीने दगावले आणि उरलेल्यांपैकी काही नागपूरच्या मिशनला येऊन मिळाले. १८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे हिस्लॉप यांचे सहकारी झाले. पुढे प्रकृती साथ देईना म्हणून ते मायदेशी परतले आणि तेथे त्यांनी इंग्रजीचा एक प्रचंड ज्ञानकोशात्मक शब्दकोश सिद्ध केला.

मिशनच्या कामाचे वेळापत्रक ऋतूंवर ठरत असे. उन्हाळा व पावसाळा शाळेत आणि छावणीत, तर हिवाळा खेडोपाडी. थंडी पडली की बैलगाडीवर तंबू, भांडी व पुस्तके लादून मंडळी निघत. गावाच्या पारावर, झाडाच्या सावलीत, बाजाराच्या दिवशी लोक जमत. तेथेच वाचन, तेथेच प्रार्थना, तेथेच प्रश्नोत्तरे. मंदिराच्या भिंती नसलेली ही सभा आपल्या आजच्या धर्मगुरूंनाही नवी नाही. एटापल्ली किंवा भामरागडकडे सेवा करणाऱ्यांना झाडाखालची मिस्सा म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको.

या फिरतीतच हिस्लॉप यांची नजर पायाखालच्या दगडांकडे गेली. नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना व हंटर यांना काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष आढळले. मग दौरा आणि शोध असे दोन्ही सोबत चालू लागले. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर, चांद्याच्या मुलखातील मांगली येथे मिळालेली एक कवटी त्यांनी लंडनला पाठविली. रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राचीन उभयचर प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. वरोऱ्याजवळच्या पिजदुरा येथील हाडांकडे विद्वानांचे लक्ष वेधले तेही हिस्लॉप यांनीच. पुढे त्याच ठिकाणी प्रचंड डायनोसॉरांचे अवशेष मिळाले. प्राणहितेपलीकडच्या मालेरी गावाजवळचे सरीसृपांचे अवशेषही त्यांनी प्रकाशात आणले. सिरोंचाजवळच्या कोटा येथील चुनखडीत माशांचे जीवाश्म आढळले होते. त्या खडकांचे वय काय असावे, याचा ऊहापोह त्यांनी आपल्या लेखांतून केला. आज सिरोंचा तालुक्यातील वडधमच्या जीवाश्म उद्यानात सहल नेणाऱ्या आमच्या शाळांनी विद्यार्थ्यांना या मिशनऱ्याबद्दल चार शब्द जरूर सांगावेत. उत्पत्तीच्या पुस्तकावर श्रद्धा असलेला हा मनुष्य दगडातील साक्षीला घाबरला नाही, ही गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते.

तथापि त्यांचे खरे मोठेपण आम्हांला दिसते ते गोंडी भाषेच्या कामात. आदिवासींच्या चालीरीती, कुळे, देव आणि बोली यांची टिपणे ते अनेक वर्षे करीत राहिले. गोंडांच्या परंपरागत गायकांकडून, म्हणजे परधानांकडून, त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत मिळविले आणि गोंडीत शब्दशः उतरविले. महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड, त्यांची सुटका करणारा लिंगो आणि त्याने लावून दिलेली कुळांची व पूजेची व्यवस्था असा त्या गीताचा विषय आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला हजारो गोंड बांधव आजही त्याच स्मृतीने जमतात. आदिवासींच्या धर्माकडे पाहण्याची हिस्लॉप यांची दृष्टी त्यांच्या काळाचीच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची भाषा त्यांच्या लेखनात शोधू नये. परंतु ज्याला आपण काही सांगावयास आलो आहोत त्याचे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, एवढा संयम त्यांच्याजवळ होता. गोंडी किंवा माडिया न शिकता जंगलात वर्षे काढणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांत आपलेही आहेत.

येथे एक कौटुंबिक गोष्ट सांगणे भाग आहे. स्टीफन यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हिस्लॉप यांनी टू बॅबिलॉन्स नावाचा ग्रंथ लिहिला. १८५३ मध्ये पुस्तिका म्हणून निघालेला आणि १८५८ मध्ये विस्तारलेला हा ग्रंथ कॅथलिक उपासना म्हणजे बाबिलोनची मूर्तिपूजा असे ठरवू पाहतो. इतिहासाच्या कसोटीवर त्यातील मांडणी टिकलेली नाही, पण आपल्या लोकांना डिवचण्यासाठी त्याचा वापर अजूनही होतो. एकाच घरातील एका भावाने स्कॉटलंडमध्ये बसून आपल्यावर लिहिले आणि दुसऱ्याने चांद्याच्या रानात जाऊन गोंडांचे ऐकले. धाकट्या भावाची मते कॅथलिकांविषयी मवाळ होती असा आमचा दावा नाही. त्या काळी फ्रान्सिस डी सेल्स संघाचे आपले धर्मगुरू विशाखापट्टणमहून या प्रदेशाकडे वळत होते आणि परस्परांविषयीचा संशय दोन्ही बाजूंना होता. तरी थोरल्याच्या लेखणीचा हिशेब धाकट्याच्या नावावर मांडू नये, असे आम्हांला वाटते.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल तेथे प्रमुख म्हणून आले. प्रांताची माणसे, भाषा आणि भूमी जाणणारा हिस्लॉप यांच्यासारखा दुसरा जाणकार त्यांना मिळाला नाही. सप्टेंबर १८६३ च्या आरंभी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहण्यासाठी दोघे गेले. मुक्काम बोरीला होता. टेंपल यांची मंडळी परतली, पण हिस्लॉप मागे थांबले, कारण टाकळघाटच्या शाळेतील मुलांची परीक्षा घ्यावयाची होती. ती आटोपून संध्याकाळी ते घोड्यावरून एकटेच निघाले. पाऊस झाला होता आणि वाटेवरचा नाला फुगला होता. घोडा स्वाराविना तळावर आला तेव्हा सारे शोधास धावले आणि नाल्यात त्यांचा मृतदेह सापडला. तो दिवस ४ सप्टेंबरचा. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

त्याच टाकळघाटला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने शास्त्रशुद्ध उत्खनन करून महापाषाण संस्कृतीच्या लोकांची वस्ती उजेडात आणली. मालेरीच्या एका सरीसृपाला लायडेकर यांनी १८८५ मध्ये पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव दिले. नागपूरच्या शाळेला १८८३ मध्ये महाविद्यालयाची जोड मिळाली. आणि हिस्लॉप यांच्या घरी राहिलेली अपुरी टिपणे टेंपल यांनी गोळा करून १८६६ मध्ये नागपुरातून छापली. लिंगोचे गीत गोंडी शब्दांसह प्रथम छापून आले ते त्याच पुस्तकात.