पोटावर स्टोमा, हातात गोल्फची काठी

१९५४ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर महिलांची यू.एस. ओपन गोल्फ स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळायचे होते. म्हणजे चढउताराच्या मैदानावर दिवसभरात बारा-तेरा किलोमीटर चालणे, आणि त्यात दर काही मिनिटांनी कंबर पिळून पूर्ण ताकदीने फटका मारणे. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो आणि मोठ्या स्पर्धांचा निकाल बहुधा एखाद-दुसऱ्या फटक्याने लागतो. त्या दिवशी बेब झहारियास ही खेळाडू १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. तिचे वय होते ४३. जेमतेम पंधरा महिन्यांपूर्वी कर्करोगामुळे तिचे गुदाशय काढून टाकण्यात आले होते आणि शौचाचा मार्ग पोटावर आणून सोडला होता. या मार्गाला स्टोमा आणि तो तयार करण्याच्या शस्त्रक्रियेला कोलोस्टॉमी म्हणतात.

आमच्या वॉर्डात कोलोस्टॉमी हा शब्द उच्चारला की रुग्णाचा चेहरा पडतो. कर्करोग झाला हे एक वेळ तो पचवतो, पण पोटावर पिशवी म्हटले की जगणेच संपले असे त्याला वाटते. शेतात कसा जाणार, एस.टी.त कसा बसणार, लग्नाकार्यात वास आला तर काय, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तरेही आहेत. मात्र ती उत्तरे ऐकण्याआधीच काही जण घरी निघून जातात. अशा वेळी मला बेबची आठवण होते.

तिचे माहेरचे नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. जन्म २६ जून १९११, टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर गावी. आईवडील नॉर्वेहून आलेले, वडील सुतारकाम करणारे, घरात सात भावंडे. बालपण गेले जवळच्याच बोमाँट गावात. मुलांच्या बेसबॉलमध्ये घुसून चेंडू लांबवर टोलवायची म्हणून बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूवरून हे नाव पडले, असे ती सांगत असे. आई तिला लहानपणापासून बाळ या अर्थानेच तसे हाक मारायची, असेही म्हणतात. शिवणकाम उत्तम यायचे, माउथ ऑर्गन झकास वाजवायची, आणि नम्रता हा गुण तिच्यात औषधालाही नव्हता. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचताच दुसरा क्रमांक कोण घेणार आहे, अशी चौकशी ती इतर खेळाडूंकडे करायची. त्यांना ती आवडत नसेल तर नवल नाही.

डॅलसमधल्या एका विमा कंपनीने तिला बास्केटबॉलसाठी नोकरीवर घेतले. १९३२ च्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेला या कंपनीने संघ म्हणून तिला एकटीलाच पाठवले. तिने पाच प्रकार जिंकले, उंच उडीत पहिला क्रमांक विभागून मिळवला आणि ३० गुणांसह सांघिक विजेतेपद घेतले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ मुली होत्या आणि त्यांचे गुणही २२. त्याच वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांना तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येत होते. बेबने भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्ण मिळवले. उंच उडीत बरोबरी होऊनही, आधी डोके दांडीपलीकडे नेण्याची तिची पद्धत पंचांनी नियमबाह्य ठरवली, म्हणून तिथे रौप्य.

एवढे करूनही पोटापाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. मैदानी खेळात बाईला पैसा नव्हता. तिने नाटक-तमाशासारख्या फिरत्या कार्यक्रमांत माउथ ऑर्गन वाजवला, प्रदर्शनीय सामने खेळले, आणि मग गोल्फकडे वळली. हाताची सालपटे निघेपर्यंत ती चेंडू मारत बसायची. १९३८ मध्ये जॉर्ज झहारियास या पहिलवानाशी तिचे लग्न झाले. दोघांची गाठ पडली होती पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपन स्पर्धेत, जिथे ती पुरुषांबरोबर खेळायला उतरली होती. १९४७ मध्ये स्कॉटलंडच्या गलन येथे ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली.

व्यावसायिक गोल्फ तेव्हा पुरुषांचे होते. बायकांसाठी स्पर्धा मोजक्या आणि बक्षिसाची रक्कम तुटपुंजी. १९५० मध्ये १३ खेळाडूंनी मिळून एल.पी.जी.ए. ही महिला व्यावसायिकांची संघटना काढली. बेब, पॅटी बर्ग, लुईस सग्ज ही त्यातली मोठी नावे. खेळाचे साहित्य बनवणाऱ्या विल्सन कंपनीचा पाठिंबा होता, पण गावोगाव मोटारी हाकत जायचे, नियम आपणच लावायचे आणि तिकिटे खपवण्यासाठी लोकांना हसवायचेही आपणच, असा तो संसार होता. लोक यायचे ते मुख्यतः बेबला पाहायला. आज एल.पी.जी.ए.च्या स्पर्धांत कोट्यवधींची बक्षिसे असतात. त्या उद्योगाचे पहिले भांडवल म्हणजे या बाईची प्रकृती होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

प्रकृतीने दगा द्यायला सुरुवात केली १९५२ मध्ये. अडकलेल्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतरही थकवा जाईना. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बोमाँटला तिच्याच नावाची स्पर्धा होती. ती जिंकून मगच ती डॉक्टरांकडे गेली. तपासणीत गुदाशयाचा कर्करोग निघाला. १७ एप्रिल १९५३ रोजी बोमाँटच्या हॉटेल दियू रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. (नावात हॉटेल असले तरी ते ननचे रुग्णालय होते. फ्रेंचमध्ये अशा नावाची जुनी परंपरा आहे.)

गुदाशयाचा कर्करोग खालच्या भागात असेल तर गाठीसकट गुदाशय आणि गुदद्वार काढून टाकायचे आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणायचे, ही पद्धत अर्नेस्ट माइल्स या इंग्लिश सर्जनने १९०८ मध्ये मांडली. आजही काही रुग्णांना तिला पर्याय नसतो. त्वचेला चिकटणारी, सहज बदलता येणारी पिशवी मात्र बेबच्या वेळी नव्हती. ती कल्पना एलिसे सोरेन्सन या डॅनिश परिचारिकेला आपल्या बहिणीच्या त्रासातून १९५४ मध्ये सुचली. त्यामुळे बेब रोज ठरावीक वेळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडे धुऊन काढायची. नीट जमले की पुढे बराच वेळ, अनेकांना जवळजवळ दिवसभर, काही बाहेर येत नाही आणि वर नुसती पट्टी पुरते. ही पद्धत आजही शिकवता येते आणि ज्यांना महिन्याचा पिशव्यांचा खर्च जड जातो त्यांनी आपल्या सर्जनला जरूर विचारावी. सगळ्यांना ती चालत नाही, स्टोमा कुठल्या आतड्याचा आहे यावर ते ठरते. बेबला या कामात मदत करायची ती बेटी डॉड ही तरुण गोल्फ खेळाडू. रुग्णालयात ती बेबच्या खोलीतच मुक्कामाला होती. आजारपणात अशी एखादी न किळसणारी व्यक्ती मिळणे हे अर्धे औषध असते.

बेब आता पुन्हा स्पर्धेत खेळणार नाही, असे वर्तमानपत्रांनी लिहून टाकले होते. तिने गोल्फच्या काठ्या रुग्णालयाच्या खोलीत आणवून ठेवल्या. चौदा-पंधरा आठवड्यांत ती शिकागोजवळच्या टॅम ओ’शँटर मैदानावर स्पर्धेत उतरली. आज आम्ही अशा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिने जड उचलू नका असे सांगतो, कारण स्टोमाभोवतीची पोटाची भिंत कमकुवत असते आणि तिथे हर्निया होऊ शकतो. गोल्फच्या फटक्यात नेमके पोटाचे तिरके स्नायूच पिळले जातात. तिथे ती जिंकली नाही, थकून रडकुंडीला आली, पण खेळत राहिली.

त्याहून मोठे काम तिने मैदानाबाहेर केले. त्या काळी अमेरिकेतसुद्धा कर्करोगाचे नाव घेत नसत. मृत्यूच्या बातमीत दीर्घ आजार असे छापून वेळ मारून नेत. बेबने आपल्याला कर्करोग झाला आहे आणि कुठे झाला आहे हे लपवले नाही. तिला हजारो पत्रे आली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी ती रेडिओवर, दूरचित्रवाणीवर बोलली. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर व्हाइट हाउसमधील मोहिमेच्या उद्घाटनाला उभी राहिली. लोकांना वेळेवर तपासणीला या म्हणून सांगत ती गावोगाव हिंडली. शौचावाटे रक्त जाण्याबद्दल आजही आपल्याकडे लोक मूळव्याध समजून वर्ष-वर्ष मलम लावत बसतात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण चाळिशीनंतर रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, कारण नसताना अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असले तर आधी तपासणी आणि मग मलम. गुदाशयातली खालची गाठ कित्येकदा डॉक्टरच्या बोटालाच लागते. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि दोन मिनिटेही लागत नाहीत. रुग्णाला संकोच वाटतो हे समजू शकते. डॉक्टरने संकोच करणे मात्र अक्षम्य आहे.

पण सगळ्या देशाला मोकळेपणाने सांगणाऱ्या या बाईपासूनच एक गोष्ट लपवलेली होती. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला लसीका ग्रंथींमध्ये कर्करोग पसरलेला दिसला होता. त्याने ते पतीला आणि बेटी डॉडला सांगितले. बेबला कोणीच सांगितले नाही. आपण बऱ्या झालो, असे समजून ती लोकांना धीर देत होती, आणि शेजारी उभी असलेली दोन माणसे खरे काय ते जाणून होती.

त्या सर्जनला दोष देणे सोपे आहे. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे आपला कल असल्याचे म्हटले होते. तेव्हाची रीतच ती होती. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. म्हणजे दोन दशकांच्या आत रीत उलटी झाली. आपल्याकडे ती अर्धीच उलटली आहे. रुग्णाला बाहेर बसवून मुलगा आत येतो आणि दार लोटून म्हणतो, डॉक्टर, आईला काही सांगू नका, ती खचेल. त्याचे प्रेम खोटे नसते. पण औषधे आईने घ्यायची असतात, केस तिचे गळणार असतात, शेताची वाटणी आणि धाकटीचे लग्न यांचे निर्णय तिलाच करायचे असतात.

न सांगितल्यामुळेच बेब १९५४ ची ओपन जिंकू शकली, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण तिच्या पुढच्या वर्षातच आहे.

१९५५ च्या वसंतात टेक्सासच्या किनाऱ्यावर तिची मोटार वाळूत रुतली. ती काढताना जोर लावला आणि कंबरेत कळ आली. मणक्यांमधली चकती सरकलेली निघाली, जूनमध्ये तिची शस्त्रक्रियाही झाली. दुखणे थांबेना. इथे प्रत्येक डॉक्टरने सावध राहावे असा सापळा आहे: दुखण्याचे एक खरे कारण सापडले की दुसऱ्याचा शोध थांबतो. त्यातून साध्या एक्स-रेमध्ये हाडातला कर्करोग त्या जागचे हाड बरेच झिजल्याशिवाय दिसत नाही, आणि सीटी किंवा एमआरआय तेव्हा नव्हते. ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे अशाची कंबर सतत, विशेषतः रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर ती साधी कंबरदुखी मानू नये. ऑगस्टमध्ये कळले की माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत कर्करोग पोहोचला आहे.

या वेळी तिला सांगण्यात आले. आणि सांगितल्यावर ती काही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली नाही. सप्टेंबरमध्ये तिने आणि जॉर्जने कर्करोगाच्या दवाखान्यांसाठी व उपचारांसाठी आपल्या नावाचा निधी उभा केला. त्याच वर्षी तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ती गॅल्व्हस्टनच्या जॉन सीली रुग्णालयात जाऊन-येऊन राहिली, क्ष-किरणांचे उपचार घेतले. आतड्याच्या कर्करोगावर आजही वापरले जाणारे फाइव्ह-फ्लुरोयुरासिल हे औषध १९५७ मध्ये पुढे आले. तिच्यासाठी ते उशिराचे होते.

१९५६ च्या उन्हाळ्यात वेदना औषधांना दाद देईनात, तेव्हा कॉर्डोटॉमी करण्यात आली. म्हणजे मज्जारज्जूतून मेंदूकडे वेदना नेणारे तंतू कापले गेले. आज तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनने बहुसंख्य रुग्णांना असा आराम देता येतो, मात्र ते मिळवून देणे हे वेगळेच दिव्य आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

२७ सप्टेंबर १९५६ रोजी पहाटे गॅल्व्हस्टनला बेब गेली. वय ४५. त्या दिवशी आयझेनहॉवर यांनी आपल्या पत्रकार परिषदेची सुरुवात तिला आदरांजली वाहून केली. तिला बोमाँटला पुरण्यात आले. शेवटच्या मुक्कामातही गोल्फच्या काठ्या रुग्णालयाच्या खोलीत कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि त्या हलवायच्या नाहीत अशी तिची ताकीद होती.