आबे फारिया

ताथवड्याजवळून जाणारा महामार्ग पुण्याला वळसा घालून दक्षिणेकडे कोल्हापूरला जातो. तेथून पुढे जाऊन घाट उतरला की गोवा लागतो. गोव्याच्या राजधानीत, पणजीत, मांडवी नदीच्या काठी विजापूरच्या आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. त्याच्या शेजारीच एक विलक्षण पुतळा दिसतो. लांब झगा घातलेले एक धर्मगुरू हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मागे कलंडत आहे. पाहणाऱ्याला वाटते, हे कोणी जादूगार असावेत. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारण्यात आला.

हे धर्मगुरू जादूगार मुळीच नव्हते. उलट, लोक ज्याला जादू समजत होते, त्यात जादू नाही हेच त्यांनी जन्मभर सांगितले. त्यांचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. फ्रान्समध्ये ख्रिस्ती धर्मगुरूला आबे म्हणतात, म्हणून जग त्यांना आबे फारिया या नावाने ओळखते.

त्यांचा जन्म १७५६ साली बार्देस तालुक्यातील कांदोळी गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. वडील कायतान व्हितोरीन आणि आई रोझा मारिया यांचे एकमेकांशी पटेना. शेवटी धर्मपीठाच्या परवानगीने दोघे वेगळे झाले. वडील धर्मगुरू झाले आणि आई जुन्या गोव्यातील मठात जोगीण म्हणून राहू लागली. घर असे मोडले, तरी मुलाला बापाचा आधार सुटला नाही. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील जहाजाने निघाले. आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिने समुद्रात काढून ते पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला पोहोचले. तेथून मुलाला शिक्षणासाठी रोमला पाठवण्यात आले. १७८० साली जुझे धर्मगुरू झाले. धर्मशास्त्रातील डॉक्टर ही पदवीही त्यांनी मिळवली.

पुढे लिस्बनमध्ये एकदा त्यांना पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायचे होते. समोर राणी, सरदार, मोठमोठे धर्माधिकारी. जुझे व्यासपीठावर चढले आणि त्यांची जीभच टाळ्याला चिकटली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले, की समोर बसलेली ही सगळी नुसती भाजी आहे, बेधडक कापत जा. दरबारात कोकणी कोणाला कळणार? मुलाची भीती पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. ही हकिकत गोव्यात आजही सांगतात. एका साध्या वाक्याने माणसाचे मन एवढे कसे पालटते, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासूनच घर करून राहिला, असे म्हणतात.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध एक कट उघडकीस आला. तो पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. फारिया पितापुत्रांवरही संशय आला. १७८८ साली जुझे पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी तेथे राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीतून ते वाचले, पुढे मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि १८१३ साली पुन्हा पॅरिसला आले.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे वळू. मेस्मर नावाच्या एका वैद्याचे म्हणणे असे होते, की माणसाच्या शरीरात चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो आणि वैद्य आपल्या शरीरातून तो रोग्यात सोडून त्याला बरे करू शकतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी याची तपासणी केली. असा प्रवाह त्यांना कोठेच आढळला नाही. तरीही लोकांचा विश्वास उडाला नव्हता. फारियांनी पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग सुरू केले. ते माणसाला आरामखुर्चीत बसवत, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगत आणि मग मोठ्याने झोपण्याची आज्ञा देत. काही जण लगेच गाढ झोपत, पण त्या झोपेतही प्रश्नांची उत्तरे देत. फारिया म्हणत, यात माझी काही शक्ती नाही. प्रवाह नाही, चुंबक नाही आणि सैतानही नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते. ज्या प्रयोगामुळे गर्दी जमत होती, त्याचे श्रेय त्यांनी स्वतःहून सोडून दिले. हा मोठेपणा विरळाच.

त्यांचे सगळेच म्हणणे बरोबर होते असे नाही. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांना ही झोप लवकर लागते, असे ते मानत. ते पुढे टिकले नाही.

त्यांना विरोध मात्र दोन्हीकडून झाला. मेस्मरचे अनुयायी रागावले. चर्चमधील अनेकांनी हे सैतानी काम ठरवले. ज्या धर्मासाठी त्यांनी आयुष्य वाहिले होते, त्याच्याच लोकांचे हे बोल त्यांना फार लागले असतील. तशात एक नट प्रयोगाला आला, झोपेचे सोंग घेऊन बसला आणि मध्येच डोळे उघडून त्याने त्यांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ साली त्यांची टवाळी करणारे नाटकही रंगभूमीवर आले. लोक येईनासे झाले. फारियांनी धर्म सोडला नाही आणि आपले मतही सोडले नाही. एका मठात धर्मगुरूचे काम करत ते पुस्तक लिहीत राहिले. मुखपृष्ठावर आपल्या नावापुढे त्यांनी आपण ब्राह्मण असल्याचे छापले. सातासमुद्रापलीकडेही ते आपले मूळ विसरले नव्हते. पुस्तकाचे चार भाग काढायचे होते. १८१९ साली पहिला भाग निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात त्यांना पुरले, पण त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नाही.

पुढे अलेक्झांडर ड्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराने तुरुंगातील एका विद्वान धर्मगुरूला फारिया हे नाव दिले. त्या कादंबरीमुळे नाव जगभर पसरले, पण कादंबरीतला फारिया इटलीचा आहे. शास्त्रज्ञांना खऱ्या फारियांची आठवण बऱ्याच वर्षांनी झाली. या झोपेला आपण आता संमोहन म्हणतो. ते मनावर बिंबवलेल्या सूचनेमुळे होते, हे फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले आणि हे फारियांनी आधीच ओळखले होते, हेही मान्य केले. १९०६ साली डॉ. दालगादो या गोवेकरांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिश यांनीही त्यांच्यावर एक ग्रंथ लिहिला.